घर, माणसांसह

४ ऑगस्ट

रक्तदाबाचे डॉक्टर म्हणाले, राग आला की बोलू नका, लिहून काढा. म्हणून ही वही. पहिला राग त्यांच्यावरच. गोळी बदलून द्यायची सोडून मला या वयात गृहपाठ देतात.

दुसरा राग डोळ्यांच्या डॉक्टरवर. आईला काचबिंदू आहे. तपासून झाल्यावर ते माझ्याशी बोलले, आईशी नाही. जणू ती खोलीत नव्हतीच. बाजूची नजर गेली आहे, समोरची तेवढी उरली आहे, तीही आवळत चालली आहे. "त्यांना काही बघायचं असेल, कुठे जायचं असेल, तर आता नेऊन आणा." किती दिवस आहेत म्हणून विचारलं तर खांदे उडवले आणि पुढच्या पेशंटची बेल वाजवली. मी लोकांना गाडी शिकवते. किती दिवसांत येईल असं कुणी विचारलं तर मी निदान तोंडाने काहीतरी सांगते.

गाडीत बसल्यावर आईला म्हटलं, "बोल, काय बघायचंय? समुद्र? डोंगर? दादाकडे जाऊन यायचं?" दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो लांब राहतो आणि फोनवर काळजी करतो.

आई पट्टा लावत म्हणाली, "माझी आई."

मला आधी वाटलं, तिला भ्रम झाला. पण ती शुद्धीत होती. ती लहान होती तेव्हा त्यांचं गाव धरणात गेलं. नव्या वसाहतीत आल्यावर पहिल्याच थंडीत आजी गेली. आजीचा फोटो नाही. आईला तिचे हात आठवतात, खोकला आठवतो, पण चेहरा आठवत नाही. गाव उठवायच्या आधी साहेब लोक आले होते आणि त्यांनी प्रत्येक घरापुढे त्या घरची माणसं उभी करून फोटो काढले होते. आई कॅमेऱ्याला घाबरून आजीच्या मागे लपली होती, म्हणून तिच्या तेवढं पक्कं लक्षात आहे.

"तो फोटो कुठेतरी असेलच की," आई म्हणाली.

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"तू कधी विचारलंस?"

घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. कुणी मला सांगावं, यात चूक कुणाची.

९ ऑगस्ट

सापडलं. धरण बांधणाऱ्या मुख्य इंजिनियरच्या घरच्यांनी त्याचे नकाशे, कागद आणि काचेवर काढलेले फोटो विद्यापीठाला देऊन टाकलेत. ग्रंथालयाच्या तळघरात 'विशेष संग्रह' नावाची खोली आहे, तिथे ते ठेवलेत. माणसाने गावं बुडवायची आणि त्याचा संग्रह व्हायचा. तोही विशेष!

दादाला फोन केला. म्हणाला, "आता काय करायचंय उकरून? आईला त्रास होईल." मी म्हटलं, तू काळजी कर, मी जाते.

१३ ऑगस्ट

आज तळघर बघितलं. आत जायच्या आधी पिशवी लॉकरमध्ये, फोन लॉकरमध्ये, पाण्याची बाटली लॉकरमध्ये. मग हात धुवा, साबणाने, आणि पूर्ण कोरडे करा. मग छातीवर वाचकाचा बिल्ला लावा. मी पेन काढलं तर समोरच्या बाईंनी ते माझ्या हातातून असं अलगद काढून घेतलं, जणू लहान मुलाच्या हातातली सुरीच. "इथे फक्त पेन्सिल." त्यांच्या टेबलावर पेन्सिलींचा डबा आहे, सगळ्या एका उंचीच्या, सगळ्यांना टोक काढलेलं. मी त्यांचं नाव पेन्सिलबाई ठेवलं आहे.

पेन्सिलबाईंनी यादी दिली. फोटोंच्या पानावर काय असावं? 'घर, माणसांसह.' त्याखाली परत 'घर, माणसांसह.' पानंच्या पानं. आमच्या गावाचं नाव एकदा, पेटीवर, आणि खाली हे. पलंग, गादीसह. कपाट, आरशासह. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"यात कुणाचं घर कुठलं, हे कसं कळायचं?"

"देणाऱ्यांकडून जेवढी माहिती आली तेवढीच आम्ही लिहितो," पेन्सिलबाई म्हणाल्या. आवाज इतका हळू की मला स्वतःचा फारच मोठा वाटायला लागला, आणि त्याचाही राग आला.

मूळ काचा बघायला मिळत नाहीत. त्या नाजूक आहेत. बाहेरच्या एका कंपनीकडून त्यांचे स्कॅन करून घेतलेत, ते कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बघायचे. त्यासाठी आदल्या दिवशी चिठ्ठी द्यायची. मी काल दिली नव्हती. म्हणजे आज नाही.

१४ ऑगस्ट

आईने घर नीट सांगितलं होतं. समोर उभं राहून घराकडे तोंड केलं की उजव्या हाताला विहीर, डाव्या हाताला वाकडं झाड, मधे पायऱ्या आणि खिडकीत आजोबांचं शिलाई मशीन. आजोबा गावाचे शिंपी होते.

दिवसभर बघितले. एकामागून एक घर, प्रत्येकापुढे माणसं ताठ उभी, शिक्षा झाल्यासारखी. एकाही घरावर पाटी नाही, एका भिंतीवर अक्षर नाही. उजवीकडे विहीर आणि डावीकडे वाकडं झाड असलेलं घर त्यात नाही. एका घराला विहीर आणि झाड दोन्ही आहेत, पण विहीर डावीकडे, आणि खिडकीत नुसता अंधार. त्या घरापुढे एक बाई उभी आहे. काय तिची नजर! बाकीचे सगळे बिचारे कॅमेऱ्याकडे नाहीतर जमिनीकडे बघतायत, आणि ही असं बघतेय की फोटोवाल्याच्या हातून कॅमेरा पडला कसा नाही याचंच नवल. मी नुसता फोटो बघत होते तरी मला वाटलं, मीच तिचं काहीतरी उचलून नेलंय. तिच्या कमरेपाशी काचेवर डाग पडलाय. तिचं नाव मी खडूसबाई ठेवलं.

आणखी एक गंमत. गावातल्या झाडून सगळ्या पुरुषांच्या शर्टाला खिसा उजवीकडे. आजोबांचं डोकं फिरलं होतं की काय?

१५ ऑगस्ट

आईला सांगितलं, नाहीये. तिने एकदाच विचारलं, "सगळे बघितलेस?" मी म्हटलं, सगळे. मग ती गॅसपाशी जाऊन दूध बघायला लागली. दूध बघायला तिला आता पातेल्याच्या अगदी वर तोंड न्यावं लागतं. मी ओरडले, भाजशील. ती म्हणाली, "माझ्यावर कशाला ओरडतेस?"

कुणावर ओरडू मग?

२१ ऑगस्ट

परत गेले. पेन्सिलबाईंना म्हटलं, स्कॅनमध्ये काही राहिलं असेल, मला मूळ काचा दाखवा. नाही म्हणाल्या. का? हात लागला की झीज होते. मग त्या ठेवल्यात कशासाठी? "पुढच्या पिढ्यांसाठी." मी म्हटलं, बाई, मागची पिढी आंधळी व्हायला आलीय, तिचं आधी बघा. बोलताना माझा आवाज चढला. दोन विद्यार्थी आमच्याकडे वळून बघायला लागले. पेन्सिलबाईंचे कान लाल झाले, पण त्या खुर्चीतून हलल्या नाहीत. म्हणाल्या, "अर्ज करा. समितीपुढे ठेवते."

समिती महिन्यातून एकदा बसते. ती या महिन्यात बसून गेली.

छापील प्रत तरी द्या म्हटलं. त्यालाही परवानगी लागते. फोन आत नेता येत नाही, म्हणजे फोटोचा फोटो काढता येत नाही. खडूसबाईचं घर दिसलं तसं पेन्सिलीने कागदावर काढून आणलं. मला चित्रकला येत नाही, पण विहीर ती विहीर आणि झाड ते झाड.

घरी ते चित्र आईच्या डोळ्यांसमोर धरलं. तिने ते जवळ नेलं, सरकवलं, परत आणलं. "नाही. विहीर या बाजूला नव्हती."

"आई, तू केवढीशी होतीस. तुला उजवं-डावं तरी कळत होतं का?"

"विहिरीच्या बाजूच्या भिंतीला मी झोपायचे. रहाट वाजला की जाग यायची. आई उठवायची तो हात..." तिने स्वतःचा उजवा हात उचलला आणि हवेत तसाच ठेवला. "मला कळत होतं."

मी म्हणाले, "तुला तिचा चेहरा आठवत नाही आणि विहीर बरी आठवते!"

हे मी म्हणाले. लिहून ठेवते, कारण डॉक्टरांनी सांगितलंय. आईने कागदाची घडी केली आणि मला परत दिली. मग म्हणाली, "तू कुणावर गेलीस, मला खरंच कळत नाही. तुझे बाबा शांत, मी ही अशी. माझी आई तर गरीब गाय होती, मावशी नेहमी सांगायची. तोंडातून शब्द काढायची नाही म्हणे."

आयुष्यभर हेच ऐकतेय. मी आमच्या घरात चुकून आलेलं सामान.

२४ ऑगस्ट

आई बोलते आहे, पण जेवढ्यास तेवढं. मीठ दे. पंखा कमी कर. काल मी मुद्दाम विषय काढायचा म्हणून म्हटलं, "तुझ्या बाबांनी गावभर उजवीकडे खिसे लावून ठेवले होते, बघितलं मी."

आई ताडकन म्हणाली, "काहीतरीच. बाबांनी जन्मात उजवीकडे खिसा लावला नाही."

"अगं, मी डोळ्यांनी बघितलं. सगळ्या शर्टांना."

"मग ते आमचं गाव नव्हे. बाबा म्हणायचे, छातीवर हात ठेवला की पैसे आहेत का ते कळलं पाहिजे. डावीकडेच." आणि तिने उठून आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. जाताना चौकटीला खांदा आपटला. तिला चौकट दिसली नाही. मी उठले नाही. उठले असते तर काय बोलले असते, माझं मलाच सांगता येत नाही.

म्हणजे आता विहीर चुकीची, खिसे चुकीचे, गावच चुकीचं. इंजिनियरने पेटीवर नाव तरी बरोबर घातलंय का, देव जाणे. दुसऱ्याच्या गावातली माणसं मी डोळे फोडून बघत बसले होते.

२६ ऑगस्ट

सकाळी परत तळघरात गेले. दुसऱ्या कुठल्या पेटीत आमचं गाव सापडतं का ते बघायला. सापडलं नाही. निघताना इतकी चिडलेली होते की बिल्ला परत करायचाच राहिला. तसाच शर्टाच्या खिशाला लावून शिकवणीला गेले.

आज दाताचे डॉक्टर होते. हे गृहस्थ लोकांच्या तोंडात सुया घालतात आणि गियर बदलायला घाबरतात. गाडीत माझ्या बाजूला शिकवणाऱ्याचा वेगळा आरसा असतो. बसताना त्यांचा हात लागून तो खाली झुकला. मी नेहमीसारखी ओरडत होते, "आरशात बघा! वळायच्या आधी आरशात बघा!" आणि माझा आरसा सरळ करायला हात वर केला, तर त्यात मीच. छातीवर बिल्ला, अक्षरं उलटी. आणि आरशातल्या बाईचा खिसा उजवीकडे.

मी माझ्या पायाखालचा ब्रेक दाबला. भर रस्त्यात. मागून हॉर्नचा कल्लोळ, डॉक्टर पांढरेफटक, "माझं काय चुकलं? माझं काय चुकलं?"

"तुमचं नाही हो," मी म्हटलं. "काच उलटी ठेवली त्यांनी! सगळं गाव उलटं केलं!"

डॉक्टर गाडी बाजूला घेऊन थांबले, स्वतःहून, इंडिकेटर देऊन. पहिल्यांदाच नीट थांबले. त्यांना घरी सोडलं आणि तळघराकडे गाडी घेतली, तर कुलूप. मी त्या कुलपाला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

आईला काही सांगितलं नाही. सांगायला तोंड कुठे होतं?

२७ ऑगस्ट

दार उघडायच्या आधीच मी पायऱ्यांवर होते. रात्रभर मनात भाषण तयार केलं होतं. पेन्सिलबाई डबा आणि छत्री सावरत आल्या, आणि कुलूप काढायच्या आत मी सुरू झाले. विहीर, खिसे, आरसा. तुमच्या विशेष संग्रहात एवढी माणसं डावीची उजवीकडे उभी आहेत आणि कुणाला पत्ता नाही. माझी आई खरं बोलत होती. तिला मी खोटं पाडलं, तुमच्यामुळे.

त्यांनी मला थांबवलं नाही. माझं संपल्यावर हळूच म्हणाल्या, "बिल्ला."

मी बिल्ला काढून त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो जागेवर ठेवला, हात धुतले, पूर्ण कोरडे केले, आणि आत गेल्या. बऱ्याच वेळाने एक काच घेऊन आल्या, दोन्ही तळव्यांवर, तान्हं मूल आणावं तशी. समितीचं नाव मी काढलं नाही, त्यांनीही नाही. काच दिव्यापुढे तिरकी धरून त्यांनी मला दाखवलं. एक बाजू चकचकीत, एक मंद. चित्र मंद बाजूवर असतं. स्कॅन करणाऱ्याने या पेटीच्या सगळ्या काचा चुकीच्या तोंडाने ठेवल्या होत्या.

"मी हे फोटो किती वेळा बघितलेत," त्या म्हणाल्या. मला वाटलं होतं, आता त्यांना चांगलं धारेवर धरीन. पण त्या नुसत्या काचेकडे बघत राहिल्या आणि माझं भाषण तसंच राहून गेलं. त्याचाही राग आला.

मग कॉम्प्युटरवर जाऊन त्यांनी एक बटण दाबलं आणि खडूसबाईचं घर उलटलं. विहीर उजवीकडे आली आणि वाकडं झाड डावीकडे गेलं. एक बटण! एवढ्यासाठी मी माझ्या आईला काय काय बोलले.

मी खडूसबाईकडे बघितलं आणि लगेच मान फिरवली. मी बघायच्या आधी आईने बघायला हवं होतं.

"माझ्या आईला आणू का?"

"त्यांचा वाचक म्हणून अर्ज लागेल," पेन्सिलबाई म्हणाल्या. माझं डोकं परत फिरणार, तेवढ्यात म्हणाल्या, "मी भरून ठेवते. तुम्ही फक्त त्यांना घेऊन या."

२८ ऑगस्ट

आईला सकाळीच सांगितलं. विहीर, खिसे, सगळं. "तुझं बरोबर होतं. मी मूर्ख." ती म्हणाली, "हो," आणि केस विंचरायला गेली. खूप वेळ विंचरत होती.

दुपारी तळघराच्या पायऱ्या उतरताना मी तिचा दंड इतका घट्ट धरला की ती म्हणाली, दुखतोय. लॉकर, साबण, बिल्ला. पेन्सिलबाईंनी तिला पेन्सिल दिली. आईने ती नीट मुठीत धरून ठेवली, शेवटपर्यंत.

फोटो पडद्यावर मोठा केलेला होता. आईने खुर्ची पुढे ओढली आणि नाक लागेल इतकं तोंड जवळ नेलं. तिला एका वेळी वाटीएवढं दिसतं. आधी विहीर. "रहाट," म्हणाली. मग हळूहळू डावीकडे, खिडकीपाशी थांबली. "मशीनचं चाक." मग दाराशी उभे असलेले आजोबा. तिने पडद्यावर बोट ठेवलं, त्यांच्या खिशावर. "बघ. डावीकडे." पेन्सिलबाईंनी पडद्याला बोट लावू नका असं म्हटलं नाही.

मग आजी.

आई आधी कमरेपाशी थांबली, तो डाग होता तिथे. पेन्सिलबाईंनी ती जागा आणखी मोठी केली. तो डाग नव्हता. आजीच्या मागून आलेली एक इवलीशी मूठ होती, तिचा कपडा गच्च धरलेली.

"ती मी," आई म्हणाली.

मग ती वर सरकली. चेहऱ्यावर आली आणि हललीच नाही. मी उभी होते, माझे पाय दुखत होते, कुणावर तरी ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडायला कुणी नव्हतं.

"ही अशी का बघतेय?" आईने विचारलं.

"घर मोजायला आलेत तिचं. कशी बघेल?"

"मला सगळे सांगायचे, गरीब होती."

आईने मान वळवली आणि माझा चेहरा शोधला. आधी कान सापडला असावा, मग डोळे. तिथे नजर धरली. मग परत पडद्याकडे वळली. मग परत माझ्याकडे. असं पुन्हा पुन्हा. 

"काय बघतेस?"

"काही नाही. ताडून बघतेय."

तेवढ्यात बंद व्हायची घंटा झाली. विद्यार्थी उठले, दिवे एकेक जायला लागले. पेन्सिलबाई जवळ आल्या आणि नेहमीच्या त्या हळू आवाजात म्हणाल्या, "वेळ संपली." मी भांडायला तोंड उघडलं.

"थांबा!" आई ओरडली. ती पडद्यावरून डोळे न काढता बोलत होती. "माझं बघून झालेलं नाही. झालं की मी सांगेन."

मी या बाईला जन्मात आवाज चढवताना ऐकलं नव्हतं.

पेन्सिलबाईंनी आमच्या डोक्यावरचा दिवा चालू ठेवला, आणि खुर्ची ओढून बसल्या.